शॉकअपवरची पट्टी

जनावरं खोटं बोलत नाहीत, मालक बोलतात. बैलाला काल काय खायला घातलं विचारलं की मालक म्हणतो, नेहमीचंच. आणि बैलाच्या पोटातून निघते प्लास्टिकची पिशवी. बावीस वर्षं जनावरांची डॉक्टर म्हणून काढल्यावर माणूस संशयी होणार नाही तर काय होणार? माझा नवरा म्हणतो, मी आधीपासूनच अशी होते, धंदा नंतर शोधला.

त्यामुळे गॅरेजच्या मिस्त्रीने माझ्या गाडीखालून डोकं बाहेर काढलं आणि "डॉक्टरबाई, मागे वजन काय घालता?" असं विचारलं, तेव्हा माझे कान टवकारले.

"काही नाही," मी म्हटलं. "औषधांची पेटी, दोरखंड आणि मी. मी पुढे बसते."

"मग मागचे शॉकअप कोणी मारले?"

माझी गाडी म्हणजे उघड्या हौद्याची फोर-बाय-फोर पिकअप. डोंगरातल्या गोठ्यांकडे जाताना ओढे लागतात, ओढ्यात हंड्याएवढे धोंडे. म्हणून चार वर्षांपूर्वी मी ती जमिनीपासून उंच उचलून घेतली होती: मागच्या पाट्यांना जास्तीचे पाटे, पुढे उंच स्प्रिंगा, मोठे टायर. ज्याने ते काम केलं तो पुढच्याच वर्षी शटर ओढून कुठेतरी निघून गेला. जाताना शॉकअप मात्र जुन्याच मापाचे ठेवून गेला. अलीकडे गाडी इतकी आदळायला लागली होती की लशीच्या बाटल्या फुटायच्या आणि संध्याकाळी माझी कंबर मला नावं ठेवायची. म्हणून नवे शॉकअप घ्यायला आले होते. सरळ काम होतं. मिस्त्रीने ते वाकडं केलं.

त्याने मागचा एक शॉकअप काढून माझ्यासमोर धरला. तेल गळून नळी काळी पडली होती. मग त्याने चाकावरचा रबराचा ठोकळा दाखवला. गाडी फार खाली बसली तर लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून तो असतो. माझ्या गाडीचा ठोकळा चेपून पार भाकरी झाला होता.

"हे रिकाम्या गाडीचं काम नाही," तो म्हणाला. "हे बघा, दोन प्रकार आहेत माझ्याकडे." त्याने बाकावर दोन शॉकअप ठेवले. दोन्ही लांब, उचललेल्या गाडीच्या मापाचे. एक बारीक, एक माझ्या मनगटाएवढा जाड. "आत तेल असतं, तेलाला जायला भोकं असतात. ह्या बारीक वाल्यात तेल पटकन जातं. रिकाम्या गाडीत गादीसारखं वाटेल. पण मागे वजन टाकलंत तर वर्षभरात हा असाच गळायला लागेल. जाड वाला वजन पेलतो, गरम झाला तरी दम सोडत नाही. पण रिकामी चालवाल तर तुमची हाडं मोजून देईल. आता तुम्ही सांगा, गाडी रिकामी की भरलेली?"

जाड वाला दुप्पट किमतीचा होता. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच.

"रिकामी," मी म्हटलं. "दोनदा सांगितलं."

मिस्त्री वाद घालणारा माणूस नाही. त्याने कापडाने सावकाश हात पुसले आणि खिशातून तारा बांधायच्या प्लास्टिकच्या चार पट्ट्या काढल्या. जुने शॉकअप पुन्हा बसवले आणि प्रत्येकाच्या चकचकीत दांड्यावर, अगदी तळाशी, एकेक पट्टी आवळली. "शॉकअप दबला की नळी ही पट्टी वर ढकलते. नळी परत खाली येते, पट्टी वरच राहते. रोज संध्याकाळी बघा कुठवर गेली, मग बोटाने खाली सरकवा. आठवडाभराने या. माझ्यावर नको, पट्टीवर विश्वास ठेवा."

पट्टीवर विश्वास ठेवायला माझी काही हरकत नव्हती. त्या संध्याकाळी मी अंगणात चटई टाकून गाडीखाली शिरले आणि जखमेवर लावायच्या जांभळ्या औषधाने प्रत्येक दांड्यावर पट्टीच्या जागी एक ठिपका दिला. म्हणजे कोणी हात लावला तर कळलं असतं.

नवरा दारात येऊन वाकून बघत होता. तो पुस्तकं बांधतो, घराच्या मागच्या खोलीत त्याचा कारखाना आहे. हातभर गोंद, कानावर पेन्सिल. "गाडीला पण टोचणार का आता?" तो म्हणाला. मी पट्ट्यांचं काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही होतं असं वाटलं नाही.

सोमवार, मंगळवार मी डोंगरात फिरले. चारही पट्ट्या दांड्याच्या निम्म्यावर जाऊन थांबत होत्या. रिकाम्या गाडीला शोभेल असंच. मिस्त्रीला ऐकवायला मी मनातल्या मनात दोन टोमणे तयार करून ठेवले.

बुधवारी आणि शनिवारी मी दिवसभर दवाखान्यात बसते. दवाखाना तीन गल्ल्या सोडून, पायी जाते, गाडी अंगणातच असते. बुधवारी संध्याकाळी केवळ सवयीने गाडीखाली डोकावले. पुढच्या दोन पट्ट्या नेहमीसारख्या निम्म्यावर होत्या. मागच्या दोन्ही थेट वर, टोकाला जाऊन चिकटल्या होत्या.

मी तिथेच चटईवर पडून राहिले. उभी गाडी दबत नाही.

पहिला संशय मिस्त्रीवरच गेला. येऊन चार पट्ट्या वर सरकवल्या की जाड शॉकअपचं गिऱ्हाईक तयार. पण संशय कितीही गोड असला तरी मी तो तपासून घेते. शनिवारी सकाळी निघण्याआधी मीटरचा आकडा तळहातावर लिहिला. संध्याकाळी परत आले तेव्हा मागच्या पट्ट्या पुन्हा टोकाला आणि मीटर पस्तीस किलोमीटर पुढे.

किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर असते. घरात माणसं दोन. त्यातली एक दवाखान्यात होती.

"आज कुठे गेला होतास?" मी जेवताना विचारलं.

"कुठे जाणार? दिवसभर गोंदात हात."

"गाडी धुतलेली दिसतेय."

"धूळ बसली होती. धुऊन टाकली." तो ताटातून मान वर न करता म्हणाला. "वरच्या टाकीतलं पाणी संपलं त्यात. मोटर लावतो."

आता आठवलं, गेले दोन-तीन महिने बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी नळाची धार करंगळीएवढी असते आणि गाडीचा हौदा चकाचक असतो. मी त्याला प्रेम समजत होते. वीस वर्षांच्या संसारात नवरा आपणहून गाडी धुतो म्हणजे बाईला काय वाटेल? मला आता वाटलं की धुतो तो, ज्याला काही पुसून टाकायचं असतं.

रात्री तो झोपल्यावर मी फोनवर नकाशा उघडला. जायला साडेसतरा, यायला साडेसतरा. गावाबाहेर तीन रस्ते जातात. खाणीच्या रस्त्यावर साडेसतराला बंद पडलेली खाण. डोंगराच्या रस्त्यावर साडेसतराला काहीच नाही. माझ्या नणंदेचं घर त्याच रस्त्यावर आहे, पण ते बरोबर विसावर, नकाशातही तेच होतं. शिवाय तिच्याकडे आमचं जाणं-येणं चार वर्षांपूर्वी बंद झालेलं. तिसरा रस्ता तळ्याचा. तिथे साडेसतराला एक पाहुण्यांना भाड्याने देतात तसलं घर आहे, पिवळ्या फाटकाचं. ते चालवणारी बाई गेल्या हिवाळ्यात वीस पुस्तकं बांधायला देऊन गेली होती. तेव्हा माझा नवरा म्हणाला होता, "बाईंना आवड चांगली आहे." हे वाक्य मला तेव्हाही पटलं नव्हतं.

मागच्या पट्ट्या टोकाला जायला अर्धा टन तरी लागतो. पण एवढं वजन कशाचं? दुसऱ्या दिवशी मी घर तपासलं. तो सामान हलवत असेल, थोडं थोडं करून. कपाटं, ट्रंका, त्याचं पुस्तकं दाबायचं बिडाचं यंत्र, सगळं जागच्या जागी होतं. घरातून अर्धा टन कुठेही कमी झालेला नव्हता. तरी माझा संशय हलेना. पुढच्या बुधवारी पुन्हा पस्तीस. गाडीत बसून पिवळ्या फाटकापर्यंत जाऊन यावं असं तीनदा मनात आलं. गेले नाही. तो फाटकातून बाहेर येताना दिसला असता तर पुढे काय करायचं, ते मला माहीत नव्हतं. मला त्याला पकडायचं होतं आणि तो सापडू नये असंही वाटत होतं.

गुरुवारी गॅरेजला गेले. मिस्त्रीने दांड्यांवरचे माझे जांभळे ठिपके बघितले, मग माझ्याकडे बघितलं.

"तुमचं बरोबर होतं," मी म्हटलं. हे वाक्य मी वर्षातून एकदा बोलते. "मागे वजन जातंय. बुधवारी आणि शनिवारी. अर्धा टन तरी. कोण नेतंय ते विचारू नका. मला एवढंच सांगा, पस्तीस किलोमीटरमध्ये माणूस काय नेऊन आणेल?"

"पस्तीस कुठल्या मीटरने?"

"गाडीच्या. आणखी कुठल्या?"

मिस्त्री वाकला, बाजूच्या टायरवरचा आकडा वाचला आणि हसू दाबत गाडीखाली गेला. तिथून माझी स्टेपनी काढून आणली. उचलण्याआधीची, जुन्या मापाची. मी ती कधी बदलली नव्हती. गाडीवरचं एक मोठं चाकही त्याने खोललं. मग दोन्ही चाकं भिंतीला टेकवून उभी केली, दोघांच्या तळाशी खडूने खूण केली आणि म्हणाला, "तुम्ही लहान ढकला, मी मोठं. एकच फेरी. खूण पुन्हा खाली आली की थांबायचं."

आम्ही ढकललं. थांबलो. त्याचं चाक माझ्या चाकाच्या पुढे फूटभर होतं.

"मीटर किलोमीटर मोजत नाही, डॉक्टरबाई. फेऱ्या मोजतो. त्याला अजून वाटतंय की गाडीला हे लहान चाक आहे." त्याने टेप लावली, फरशीवर खडूने दोन आकडे लिहिले. "सात दाखवले की खरे आठ. तुमचे पस्तीस म्हणजे चाळीस. टायर बदलणारा हे गिऱ्हाइकाला आधी सांगतो. तुम्हाला नाही सांगितलं? चार वर्षांत कधी मैलाच्या दगडांशी ताडून नाही बघितलं?"

"माझ्या रस्त्यांवर दगड आहेत, पण मैलाचे नाहीत," मी म्हटलं. चार वर्षं मी सगळ्या गोठ्यांवर वेळेच्या आधी पोचत होते आणि ते माझं कसब समजत होते.

चाळीस. जायला वीस, यायला वीस. पिवळं फाटक गेलं. उरली माझी नणंद.

माझ्या छातीवरचा दगड उतरला आणि तो उतरतोय तोवर दुसरा येऊन बसला. कारण त्या खडूच्या आकड्यांनी मी आणखी एक हिशेब केला होता, न ठरवता.

नणंद, म्हणजे नवऱ्याची धाकटी बहीण. सगळे तिला बारकी म्हणतात. चार वर्षांपूर्वी ती आमच्याकडे राहत होती. परसात रोपं वाढवायची, त्यांना पाणी द्यायला तिचा एक छोटा डिझेलचा पंप होता. तेव्हाच मी गाडी उचलून घेतली. आधी टाकी गच्च भरली की गाडी सहाशे किलोमीटर जायची. तेव्हापासून ती सव्वापाचशेला संपायला लागली. एकदा नाही, दर टाकीला. मी दोन महिने डोळ्यांत तेल घालून मीटर बघितला. मग एके दिवशी जेवणाच्या टेबलावर विचारलं, "बारकी, माझ्या गाडीतलं डिझेल कुठे जातंय?"

ती म्हणाली, "वहिनी, मी घेतलं नाही."

मी म्हटलं, "मग काय त्याला पाय फुटले?"

तिसऱ्या दिवशी ती रोपं उचलून डोंगरावरच्या जागेत निघून गेली. माझ्याकडे पुरावा होता. मीटर खोटं बोलत नाही, असं मी नवऱ्याला सांगितलं होतं.  त्या विषयावर चार वर्षांत तो एकदाही बोलला नाही. त्याला माझं पटलंय, असं मी धरून चालले होते.

सव्वापाचशेला आठ, भागिले सात. सहाशे. एक थेंबही कुठे गेला नव्हता. मी मिस्त्रीच्या बाकावर बसले. लाज वाटणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कानांना कळलं, इतके ते तापले होते.

मिस्त्रीने पाण्याचा पेला आणून दिला. मग बाकावरचे दोन्ही शॉकअप जवळ ओढले. "तर मग? रिकामी की भरलेली?"

"भरलेली," मी म्हटलं. "जाड वाले लावा."

"तुम्हाला हाणतील. आठवड्यात चार दिवस तुम्ही रिकामीच फिरता."

"हाणू देत."

गाडी तिथेच सोडून मी चालत घरी आले. नवरा एका जाडजूड पुस्तकाच्या पाठीला गोंद लावत होता. रेक्झिनच्या गुंडाळ्यांखाली एक निळी घडी होती, ओलसर. पाणी भरायची मोठी पिशवी. मी ती आजवर बघितली नव्हती, कारण त्या खोलीत संशय घ्यावा असं काही असेल हे मला कधी सुचलं नव्हतं.

"बारकीला पाणी कधीपासून नेतोस?"

ब्रश हवेतच थांबला. "तीन महिने झाले," तो म्हणाला. "तिची बोअर आटली. टँकरवाला ओढ्याच्या पुढे यायला तयार नाही. आपलीच गाडी जाते तिथे. रोपं मेली तर तिचं सगळं जाईल."

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? तू म्हणाली असतीस, आधी डिझेल नेलं, आता पाणी."

मी म्हणाले असते. नेमके हेच शब्द म्हणाले असते. म्हणून मी खाली बसले आणि त्याला चाकांचं सांगितलं. सात आणि आठ, फरशीवरचा खडू, सगळं. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला. ब्रशवरचा गोंद वाळून गेला.

"मला वाटलं होतं तुला पटलंय," मी म्हटलं. "तिने घेतलं असं."

"मला कधीच पटलं नव्हतं. पण तुझ्याकडे आकडा होता, माझ्याकडे नुसती बहीण." त्याने ब्रश पाण्यात टाकला. "हे तिला तू सांगायचं. माझ्या तोंडून नाही."

शनिवारी मी दवाखान्याच्या दाराला पाटी लावली आणि पिशवी भरून निघाले. मिस्त्रीचं खरं होतं, वजन असताना गाडी शहाण्यासारखी चालत होती. ओढ्यातसुद्धा मागून आदळली नाही. बारकीचं घर आलं तेव्हा मीटर साडेसतरा दाखवत होता.

गाडीचा आवाज ऐकून ती पाण्याची नळी घेऊनच बाहेर आली होती. स्टिअरिंगमागे मी दिसले तेव्हा तिचे पाय थांबले. बारीक झाली होती. हातांना माती.

"दादाला बरं नाहीये का?"

"बरा आहे. आज मी आणलं." मी खाली उतरले. गाडीत वीस किलोमीटर घोकलेलं सगळं ओढ्यात वाहून गेलं होतं. "बारकी, डिझेल कधी कमी झालंच नव्हतं. मोठ्या टायरांमुळे मीटर कमी दाखवत होता. मला परवा कळलं. तू घेतलं नव्हतंस. चूक माझी होती आणि ती मी सगळ्यांदेखत तुझ्या माथी मारली. मला माफ कर."

तिने नळीचं एक टोक पिशवीला लावलं, दुसरं आपल्या टाकीत सोडलं. पाणी पडू लागलं.  मागे हिरव्या जाळीखाली तिची रोपं होती, ओळीने, निम्मी सुकलेली. तिच्या टाकीवर लिटरच्या रेघा होत्या. धार थांबली तशी ती वाकली आणि रेघ वाचली.

"चारशे सत्तर आलं," ती म्हणाली. "निघताना किती होतं, वहिनी? आत्ताच सांगून ठेवा. नंतर कमी पडलं म्हणाल."

"मोजलं नव्हतं."

"तुम्ही?" तिने पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. "तुम्ही मोजलं नाही?"

"नाही मोजलं, बारकी. खरंच."

तिने मान हलवली आणि नळी गुंडाळायला लागली. तिचा विश्वास बसला नव्हता, हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि मी खरं बोलत होते. चार वर्षांपूर्वी जेवणाच्या टेबलावर तीही खरंच बोलत होती.